किमोनो आणि बॉन ओदोरी : जपानला जाणाऱ्या बौद्ध प्रवाशाने काय समजून घ्यावे?

२०१५ साली जपानच्या वाकायामा प्रांतातील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. तो पाहायला जाणाऱ्या उपासक-उपासिकांच्या सहलीत तोक्यो, क्योतो आणि नारा ही शहरे ओघाने येतातच. तिथे गेल्यावर दोन गोष्टींचा मोह बहुतेकांना होतो. एक, भाड्याने किमोनो घेऊन दिवसभर फिरणे. दुसरी, जपानी पारंपरिक नृत्याचा एखादा वर्ग करणे किंवा उन्हाळ्यात गेल्यास 'बॉन ओदोरी'च्या रिंगणात उतरणे.

यात गैर काहीच नाही. पण आपल्या लोकांच्या मनात काही प्रश्न येतात. किमोनो घालण्याचे नियम काय? बॉन हा पितरांचा सण म्हणतात, मग बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने त्यात नाचावे का? जपान बौद्ध देश आहे, तर तिथे उच्च-नीच भेद नव्हता का? या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून आधी वस्त्राची, मग नाचाची माहिती घेऊ.

किमोनो कसा घालतात?

'किमोनो' या शब्दाचा साधा अर्थ 'अंगात घालायची वस्तू'. किमोनोचे कापड साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १२ मीटर लांब अशा पट्ट्यात विणलेले असते. ते सरळ रेषेत कापून शिवतात. गोलाई देऊन कापणे जवळजवळ नसतेच, त्यामुळे चिंध्या उरत नाहीत. किमोनो जुना झाला की टाके उसवून, कापड धुऊन, तो पुन्हा शिवता येतो.

दुकानात गेल्यावर आधी रंग-नक्षी निवडायची. मग मदतनीस आपल्याला पातळ आतले वस्त्र घालतात, त्यावर दुसरे गळपट्टीचे आतले वस्त्र आणि त्यावर किमोनो. बायकांचा किमोनो उंचीपेक्षा लांब असतो. जास्तीची लांबी कमरेपाशी दुमडून नाडीने बांधतात. नऊवारीत कापड अंगाला चापूनचोपून बसवतात, इथे उलट आहे. कमरेचा खोलगट भाग टॉवेल लावून भरून काढतात, म्हणजे अंग सरळ नळीसारखे दिसते. शेवटी चार मीटरच्या आसपास लांबीचा 'ओबी' हा पट्टा गुंडाळून पाठीवर गाठ बसवतात. अंगठा वेगळा असलेले 'ताबी' मोजे आणि 'झोरी' चपला घातल्या की तयारी झाली. सवयीच्या मदतनिसाला याला अर्धा तास पुरतो. पुरुषांचा किमोनो सोपा असतो. त्यात कमरेची दुमड नसते आणि ओबी पोटाखाली, कमरेवर बांधतात.

उन्हाळ्यात किमोनोऐवजी सुती 'युकाता' घालतात. हे मुळात स्नानाच्या वेळचे वस्त्र. आतले थर कमी, किंमत कमी आणि चालायला सोपे. पहिल्यांदाच घालणाऱ्याने युकातापासून सुरुवात केलेली बरी.

डावी बाजू वर, कारण उजवी बाजू वर फक्त मृताची

एक नियम मात्र विसरून चालत नाही. किमोनोची आपल्या उजव्या हाताकडची बाजू आधी अंगाला लावायची आणि डाव्या हाताकडची बाजू तिच्यावरून घ्यायची. पुरुष असो वा स्त्री, नियम एकच. बरोबर घातला आहे का हे तपासायचे असेल तर आपला उजवा हात छातीपाशी किमोनोत घालून पाहा. तो सहज आत गेला तर बरोबर. ७१९ साली सम्राज्ञी गेन्शो यांच्या काळात सर्व प्रजेने असेच वस्त्र घालावे, असा हुकूम निघाला होता.

उलट घडी फक्त मृताला घालतात. मृत्यूनंतरच्या विधींत नेहमीच्या गोष्टी मुद्दाम उलट करण्याची जपानी लोकरीत आहे. मृताला घातल्या जाणाऱ्या पांढऱ्या वस्त्रावर पूर्वी सुत्तांची अक्षरेही लिहीत. जपानमध्ये बहुतेक अंत्यविधी बौद्ध पद्धतीने होत असले, तरी ही उलट घडी लोकरीत आहे, तथागतांची शिकवण नव्हे. तरीही तिचा मान ठेवावा. उलट घडीचा किमोनो घातलेला पाहुणा दिसला, तर वृद्ध जपानी बाई पुढे येऊन हळूच सांगू शकते. तो राग नसतो, काळजी असते.

मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याचदा आरशासारखा उलटा होतो. त्यात बरोबर घातलेला किमोनोही उलट दिसतो. फोटो सगळ्यांना पाठवण्याआधी तेवढे बघून घ्यावे.

वस्त्राचा धम्माशी आणखी एक दुवा आहे. भिक्खूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असते. मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी त्याची रचना आनंदांनी केली, असे विनयात सांगितले आहे. हेच चीवर जपानमध्ये 'केसा' झाले. तिथे घरातले माणूस गेल्यावर त्याचा किंवा तिचा चांगला किमोनो विहाराला दान देण्याची प्रथा होती. त्या कापडाचे केसा किंवा बुद्धमूर्तीपुढच्या चौरंगावरचे आच्छादन शिवत. जुन्या संग्रहांत असे नमुने आजही पाहायला मिळतात.

कोणी काय घालायचे, हे कोण ठरवत होते?

आज कोणीही काही हजार येन देऊन रेशमी दिसणारा किमोनो दिवसभर घालू शकतो. तोकुगावा राजवटीत (१६०३ ते १८६८) असे नव्हते. कोणत्या थराच्या माणसाने कोणते कापड वापरायचे याचे हुकूम निघत. शेतकऱ्यांना रेशमाची बंदी होती. सगळ्यांत खाली ढकललेले लोक म्हणजे मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे. त्यांना अपवित्र मानत, त्यांच्या वस्त्या वेगळ्या होत्या. आज त्यांच्या वंशजांना 'बुराकुमिन' म्हणतात.

१८५५-५६ च्या सुमारास ओकायामा संस्थानाने काटकसरीचा एक हुकूम काढला. त्यात या लोकांसाठी वेगळी कलमे होती. त्यांनी नक्षीचे कपडे घालू नयेत, फक्त तेंदूच्या जातीतल्या काकी फळाच्या तुरट रसात रंगवलेले तपकिरी किंवा साधे निळे कापड वापरावे. ओळखीचा शेतकरी वाटेत भेटला तर पायातल्या खडावा काढून त्याला नमस्कार करावा. हे वाचताना आपल्याला परके वाटत नाही, कारण आपल्या आजा-पणज्यांनी हेच भोगले आहे.

तिथले लोक गप्प बसले नाहीत. ५३ वस्त्यांनी एकत्र येऊन अर्ज केला. आम्ही शेती करतो, इतरांसारखाच सारा भरतो, मग आमच्या अंगावरचे कापड वेगळे का, असा त्यांचा युक्तिवाद होता. अर्ज परत आला तेव्हा १८५६ मध्ये हजाराहून अधिक लोक चालून गेले. अखेर ती कलमे प्रत्यक्षात लागू झाली नाहीत. पण १२ पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले गेले आणि त्यांतले सहा जण तुरुंगातच मरण पावले. जपानच्या इतिहासात हा लढा 'शिबुझोमे इक्की' म्हणून ओळखला जातो.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी महिलांना सांगितले की, तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते. ती खूण टाकून द्या, पांढरपेशा बायकांसारखे लुगडे नेसा, स्वच्छ राहा. महिलांनी ते लगेच अमलात आणले. ओकायामाचे लोक आणि महाडच्या माता एकमेकांना ओळखत नव्हत्या. पण अंगावरचे कापड हा मानाचा प्रश्न आहे, हे दोघांनाही कळले होते. म्हणून किमोनो घालताना आपल्याला केवळ फोटोपुरता आनंद होत नाही. आवडीचे वस्त्र घालता येणे हा हक्क आहे आणि तिथेही तो लढून मिळवावा लागला आहे.

नृत्याचे दोन प्रकार : वर्गातले आणि रिंगणातले

प्रवाशाला साधारणपणे दोन प्रकारची नृत्ये भेटतात. पहिला प्रकार 'निहोन बुयो', म्हणजे रंगमंचावरचे शास्त्रशुद्ध नृत्य. फुजिमा, हानायागी, निशिकावा अशी त्याची घराणी आहेत. पर्यटकांसाठी तास-दीड तासाचे वर्ग असतात. युकाता घालून, गुडघ्यांवर बसून, मिटलेला पंखा समोर ठेवून गुरूंना वंदन करायचे आणि मग सुरुवात. कंबर थोडी खाली, गुडघे किंचित वाकलेले आणि पाऊल न उचलता जमिनीवरून सरकवत चालायचे. हातातला पंखा कधी लाट होतो, कधी डोंगर, कधी गळणारी पाकळी. उड्या-गिरक्या कमी असल्याने हे सोपे वाटते, पण पंधरा मिनिटांत मांड्या भरून येतात.

या नृत्याचे मूळ काबुकीत आहे. १६०३ च्या सुमारास इझुमोच्या ओकुनी या स्त्रीने क्योतोत केलेल्या नाचापासून काबुकी सुरू झाली असे मानतात. त्या नाचात 'नेंबुत्सु ओदोरी', म्हणजे बुद्धाचे नाव घेत केलेला नाच, होता. पुढे १६२९ मध्ये शोगुनच्या सरकारने स्त्रियांना रंगमंचावर बंदी घातली. कलावंतांना 'नदीकाठची माणसे' म्हणून हिणवत. त्यांची कला सगळ्यांना हवी होती, पण त्यांना पंक्तीत जागा नव्हती. आपल्याकडच्या तमाशा कलावंतांची स्थिती माहीत असणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रकार बॉन ओदोरी. यासाठी वर्ग लागत नाही, तिकीट लागत नाही. मैदानात किंवा विहाराच्या आवारात मधोमध लाकडी मचाण उभारतात. त्यावर ढोल वाजतो आणि भोवती लोक रिंगण करून नाचतात. पुढच्या माणसाचे हात-पाय बघायचे आणि तसे करायचे. दोन फेऱ्यांत जमते. 'तांको बुशी' हे खाणकामगारांचे गीत जवळजवळ सगळीकडे वाजते. त्यात फावड्याने कोळसा खणणे, तो खांद्यावरून मागे टाकणे, हात कपाळाशी नेऊन चंद्राकडे बघणे आणि कोळशाची गाडी ढकलणे अशा हालचाली आहेत. कष्टकऱ्यांचे काम हाच तिथला नाच झाला आहे.

रिंगणाचे मूळ : इप्पेन

या नाचामागे बौद्ध इतिहास आहे. दहाव्या शतकात कूया (९०३ ते ९७२) हे भिक्खू क्योतोच्या बाजारात सामान्य लोकांमध्ये अमिताभ बुद्धाचे नाव घेत फिरले. तेराव्या शतकात इप्पेन (१२३९ ते १२८९) यांनी ती परंपरा पुढे नेली. १२७९ मध्ये शिनानो प्रांतात त्यांच्या अनुयायांनी नाव घेत नाचायला सुरुवात केली, असे सांगतात. इप्पेन गावोगाव फिरून बुद्धनामाच्या चिठ्ठ्या वाटत. श्रद्धा आहे की नाही, माणूस शुद्ध की अशुद्ध, असा भेद त्यांनी केला नाही. त्यांच्या चरित्राची चित्रगुंडाळी १२९९ मध्ये तयार झाली. तिच्यात त्यांच्या आसपास भिकारी, कुष्ठरोगी, समाजाने बाहेर टाकलेली माणसे दिसतात. ज्यांना कोणी जवळ करत नव्हते, ती त्या काळातल्या चित्रात धम्माच्या मार्गावर आहेत.

म्हणजे जपान समतावादी होता, असा अर्थ काढू नये. तोकुगावा काळात काही विहारांनी कातडे कमावणाऱ्यांच्या मृत्यूनंतरच्या धम्मनावांतही 'पशू', 'कातडे' अशा अर्थाची अक्षरे घातली. ती थडग्यांवर कोरली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे उघडकीस आले, तेव्हा संप्रदायांना चूक मान्य करून सुधारणा हाती घ्याव्या लागल्या. १८७१ च्या सरकारी हुकुमाने कायद्यातली अस्पृश्यता संपली, पण भेद संपला नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत बुराकु समाजाने 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापन केली. देश बौद्ध असला म्हणून समता आपोआप येत नाही, हे जपानकडून शिकण्यासारखे आहे.

रिंगणाच्या मधोमध वाजणाऱ्या ढोलाकडेही याच नजरेने बघावे. त्याचे कातडे कमावणारे हात पिढ्यान्‌पिढ्या याच समाजाचे. ओसाकाचा नानिवा भाग ढोल बनवण्यासाठी प्रसिद्ध होता. ढोल ते बनवत, वाजवायचा मान मात्र इतरांचा. १९८७ मध्ये तिथल्या तरुणांनी स्वतःचे ढोलपथक काढले आणि त्याला नाव दिले 'इकारी', म्हणजे 'संताप'.

बॉन म्हणजे श्राद्ध का?

आता मुख्य प्रश्न. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते. बॉनच्या दिवसांत पूर्वज घरी येतात, असे अनेक जपानी मानतात. मग आपण काय करावे?

बॉनचे मूळ 'उल्लंबन सूत्रा'त आहे. महामोग्गल्लान यांना आपली मृत आई प्रेतलोकात भुकेली दिसते. ते अन्न देतात, पण तिच्या तोंडाशी जाताच ते निखारा होते. तथागत सांगतात की, वर्षावास संपल्यावर भिक्खुसंघाला दान दे. तसे केल्यावर आई मुक्त होते. हे सूत्र चीनमध्ये रचले गेले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पाली परंपरेत मोग्गल्लानांची ही कथा नाही. मात्र पेतवत्थूत सारिपुत्तांच्या पूर्वजन्मीच्या आईची अशीच कथा आहे.

कथेचा शब्दशः अर्थ बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. पितराच्या नावाने ठेवलेले अन्न तिथे कामी येत नाही, जिवंत संघाला दिलेले दान कामी येते. आपण वर्षावासात संघाला भोजनदान आणि चीवरदान देतो, त्याच्याशी हे जवळचे आहे. जपानमधील सर्वांत मोठ्या संप्रदायांपैकी एक असलेल्या जोदो शिनशूची भूमिकाही लक्षात घ्यावी. मृतांचे आत्मे बॉनला परत येतात, असे तो मानत नाही. पूर्वजांचे स्मरण करून धम्म ऐकण्याचा, कृतज्ञतेचा तो दिवस, असे ते सांगतात. त्यांच्या विहारांतही बॉन ओदोरी उत्साहाने होते.

म्हणून माझे मत असे : रिंगणात नाचल्याने सहावी प्रतिज्ञा मोडत नाही. नाच हा विधी नाही, पिंड नाही, कोणा पुरोहिताची मध्यस्थी नाही. मात्र कोणाच्या घरी किंवा विहारात पितरांना नैवेद्य ठेवण्याचा विधी चालू असेल, तर शांतपणे हात जोडून बाजूला उभे राहावे. यजमानाचा मान राखता येतो आणि प्रतिज्ञाही पाळता येते. आपल्या बाबतीत पूर्वजांचे स्मरण करायचे असेल, तर त्या दिवशी कोण्या विहाराला दान द्यावे. मोग्गल्लानांना तथागतांनी तेच सांगितले होते.

जाण्यापूर्वी काही सूचना

* बॉन बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्टला असतो, तोक्योच्या काही भागांत जुलैमध्ये. गिफू प्रांतातील गुजो ओदोरी जुलै ते सप्टेंबर चालते आणि १३ ते १६ ऑगस्टला रात्रभर. २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलेल्या ४१ लोकनृत्यांत ती आहे.
* तोक्योत असाल तर त्सुकिजी होंगानजी हे जोदो शिनशू विहार पाहावे. १९३४ साली बांधलेल्या या इमारतीवर प्राचीन भारतीय बौद्ध वास्तुकलेचा प्रभाव आहे. दर्शनी कमान पाहून अजिंठा-कार्ल्याची चैत्यगवाक्षे आठवतात. उन्हाळ्यात आवारात बॉन ओदोरी असते.
* किमोनो घेतल्यास परत करण्याची वेळ आधी विचारून घ्या, बहुधा ती संध्याकाळची असते. पावले छोटी टाका, जिना चढताना समोरची घडी उजव्या हाताने किंचित उचला.
* बौद्ध विहारांच्या नावाशेवटी बहुधा 'जी', 'देरा' किंवा 'इन' असते. तिथे आवाज न करता हात जोडावेत. 'जिंजा' आणि 'तोरी' कमान म्हणजे शिंतो देवस्थान, तिथे टाळ्या वाजवून नमस्कार करतात. असाकुसात सेन्सोजी विहार आणि शिंतो देवस्थान शेजारीशेजारी आहेत. टाळ्या विहारात वाजवू नयेत.
* क्योतोच्या गिऑन भागात माइको आणि गेइको यांच्या मागे धावून फोटो काढू नका. पर्यटकांच्या त्रासामुळे तिथल्या काही खासगी गल्ल्या २०२४ पासून पाहुण्यांना बंद झाल्या आहेत.
* बॉनच्या मैदानात बिअर आणि साके विकतात. शीलाचे पालन करणाऱ्याने हसून नकार द्यावा. गार चहा सगळीकडे मिळतो.

जपानी माणूस परक्याला रिंगणात घेताना त्याचे कूळ विचारत नाही. पुढच्या माणसाकडे बघत पाऊल टाकणाऱ्याला तिथे जागा मिळते. शक्य असेल तर सहलीतला एक दिवस ओसाका-क्योतो परिसरातील मानवी हक्क आणि बुराकु इतिहासासंबंधीच्या ठिकाणांसाठीही राखून ठेवा. किमोनोतला फोटो घरच्यांना दाखवताना ओकायामाच्या त्या ५३ वस्त्यांची गोष्टही मुलांना सांगा.

नमो बुद्धाय, जय भीम!